विश्रांतीतली गोलकीपर

विद्यापीठाच्या मुलींच्या फुटबॉल संघासाठी कागदावर पाच माणसं मंजूर होती आणि मैदानावर दोनच दिसायची. एक मुख्य प्रशिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणत, आणि दुसरी सहायक प्रशिक्षक, जिला मुली ताई म्हणत. फिजिओची जागा दोन वर्षांपासून रिकामी होती. गोलकीपरांना शिकवणारा माणूस घ्यायचं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी राहून जायचं. मुलींचा अभ्यास घ्यायला एक समुपदेशक होती, तिला मुलांच्या संघाने उचलून नेलं, कारण तिकडे उजेड आणखी कमी होता. ही तिन्ही कामं ताईच्या गळ्यात पडली. पगार मात्र एकच राहिला, तोही अकरा महिन्यांचा. बाराव्या महिन्यात ती मैदानावर येते ती स्वतःच्या हौसेने, असं कार्यालयाचं म्हणणं होतं, आणि ते म्हणताना तिथे कुणाची जीभ अडखळत नसे.

ताई छत्तीस वर्षांची होती आणि मोठ्या बहिणीच्या घरी मागच्या खोलीत राहायची. त्या खोलीत कपडे धुण्याचं मशीन होतं आणि मशीनला लागून तिची खाट. भाऊजी भल्या पहाटे मशीन लावायचे, झोपमोड तर नाही ना झाली असं आपुलकीने विचारायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत लावायचे. ताई कायम झाली की बँक कर्ज देईल आणि ती स्वतःच्या दोन खोल्या घेईल, हे त्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं की लहान भाचीसुद्धा बाहुलीशी खेळताना तेच म्हणायची. ह्या वर्षी एक जागा खरोखरच कायम होणार होती. क्रीडा विभागाच्या संचालकांनी तसं तोंडी सांगितलं होतं.

संघ चालायचा तो एका देणगीवर. देणगीवाल्या बाई कधी काळी ह्याच विद्यापीठात शिकल्या होत्या. मुलींनी खेळावं पण पुस्तक सोडू नये असं त्यांना मनापासून वाटायचं. म्हणून त्यांनी अट घातली होती की संघाच्या गुणांची सरासरी दर सत्राला सत्तरच्या वर राहिली पाहिजे, आणि एखादी एका जरी विषयात नापास झाली तर तिचे सगळे गुण शून्य धरायचे. अट चांगली होती, पण ती ज्यांच्या हाती पडली ते चांगले नव्हते. देणगीतून मुलींना बस आणि विमा मिळायचा, आणि उरलेल्यात, म्हणजे बऱ्याचशात, मुलांच्या संघाचे बूट यायचे. स्पर्धांत मुली कशाबशा मधल्या क्रमांकावर असायच्या आणि अभ्यासात पहिल्या. कुलगुरू प्रत्येक भाषणात त्यांचं कौतुक करायचे. सामना बघायला मात्र कधी फिरकले नाहीत.

सत्तरच्या वर राहायची सरांची एक रीत होती. निकालाच्या आठवड्यात जिची नोंद संघात असेल तिचेच गुण सरासरीत धरले जायचे. म्हणून ज्या मुली गटांगळ्या खातील असं वाटायचं, त्यांची नोंद तेवढ्या आठवड्यापुरती काढायची आणि निकाल लागला की परत करायची. ह्याला सर 'विश्रांती' म्हणत. विश्रांतीतल्या मुलींनी सरावाला यायचंच, फक्त नंबरचा शर्ट न घालता साधा राखाडी शर्ट घालायचा. बाकीच्या त्यांना 'राखाडी' म्हणून चिडवायच्या, त्याही हसायच्या, आणि पुढच्या सोमवारी सगळं जिथल्या तिथे व्हायचं. नोंद नाही म्हणजे विमाही नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या आठवड्यात आजवर कुणाला काही झालं नव्हतं, आणि आजवर झालं नाही ह्याच एका गोष्टीवर ह्या लोकांचं दुकान चाललं होतं.

संघाच्या गोलकीपरला 'गोंद' म्हणत, कारण बॉल तिच्या हाताला लागला की सुटायचा नाही. दुसऱ्या वर्षाला होती, उंच, मोठ्या पंजांची, बोलायला कमी. वडील नव्हते, आई लोकांचे पडदे शिवायची. गोंद संघात होती म्हणून तिची फी माफ होती, वसतिगृहात खोली होती, दोन वेळचं जेवण होतं. संघात नसती तर ती आईच्या शेजारी दुसऱ्या मशीनवर बसलेली असती, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. बाकी विषयांत ती चांगली होती. एका सांख्यिकीने तिच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. सत्राच्या मध्यावर त्या विषयात ती अशी काही आपटली की प्राध्यापकांनी तिला विषय बदलायचा सल्ला दिला.

तो विषय ताईने घेतला. स्वतः आधी वाचायची, मग शिकवायची. सराव संपला की दोघी सामानाच्या खोलीत बसायच्या, दोरीवर वाळत घातलेल्या ग्लोव्ह्जच्या वासात, पालथ्या टोपलीचं टेबल करून. पुस्तकातली उदाहरणं गोंदच्या डोक्यात शिरत नव्हती, तेव्हा ताईने पेनल्टी घेतली. ही मुलगी दहातल्या सात वेळा डावीकडे मारते, आज तिने दोनदा उजवीकडे मारली, आता तू कुठे उडी घेशील? गोंदने एकदा वहीकडे बघितलं, एकदा ताईकडे, आणि मग तिला ते असं कळलं की तिने वहीत चार पानं एका दमात भरली. ताईला त्या दिवशी फार आनंद झाला. इतक्या वर्षांत कुणाला तरी काहीतरी खरंच आलं होतं, आणि ते आपल्यामुळे आलं होतं. बहिणीच्या घरी तिने ते जेवताना सांगितलं, तेव्हा भाऊजींनी विचारलं, ह्याचे वेगळे पैसे देतात का.

पेपर झाल्यावर ताईने गोंदला विचारलं, कसा गेला. गोंद म्हणाली, बरा गेला.

इथेच ताईची मती फिरली. तिच्या अनुभवात ज्या मुलीचा पेपर 'मस्त' जायचा ती पास व्हायची, जिचा 'ठीक' जायचा ती काठावर सुटायची, आणि जिचा 'बरा' जायचा ती हमखास गाळात. मुली तिच्याशी हीच भाषा बोलायच्या आणि ताईने सगळ्या मुलींना ह्याच मापाने मोजलं. गोंद जन्मात कधी कशाला 'मस्त' म्हणाली नव्हती. सामन्यात चार गोल अडवले तरी ती 'बरं झालं' म्हणायची. हे ताईला माहीत होतं. पण माणूस घाबरला की माहीत असलेलं त्याच्या उपयोगाला येत नाही.

निकालाच्या आधी सरांनी तिला बोलावलं. सरांची खोली म्हणजे जिन्याखालची जागा, दार उघडलं की खुर्चीला लागायचं. विश्रांतीला दोघी ठरल्या होत्या, त्यांच्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. सर म्हणाले की तिसरी गोंद. ताई म्हणाली की गोंदची तयारी चांगली झाली आहे. सरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मग त्यांनी शांतपणे हिशेब सांगितला: ही एक शून्यावर गेली तर सरासरी सत्तरच्या खाली, सरासरी खाली गेली तर देणगी बंद, आणि देणगी बंद झाली तर कायम करायला जागाच उरत नाही.

"ती पास होईल असं तू छातीवर हात ठेवून सांगतेस का?" त्यांनी विचारलं. "तू सांग, मी तिला ठेवतो. पुढे काही झालं तर मी म्हणेन, ताईंनी सांगितलं होतं."

ताई म्हणाली, "असं कसं सांगणार, सर."

झालं. महिनोन्महिने जिला शिकवलं तिच्यावर एक वाक्य टाकायची वेळ आली तेव्हा तिने हात वर केले. तिचा स्वतःच्या शिकवण्यावर विश्वास नव्हता की मुलीवर, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. गोंदला राखाडी शर्ट द्यायला तीच गेली. सोमवारपर्यंतचाच प्रश्न आहे, म्हणाली. पुढच्या आठवड्यात मोठा सामना आहे, सराव चुकवू नकोस, असंही म्हणाली. गोंदने शर्ट घेतला आणि विचारलं, "म्हणजे मी नापास होईन असं वाटतं का तुम्हाला?" ताई म्हणाली की तसं नाही, सरांनी ठरवलंय. खोटं बोलायला तिला त्या दिवशी फारसं जड गेलं नाही.

दोन दिवसांनी सरावात संघाची फॉरवर्ड बॉल घेऊन आत घुसली आणि गोंद पुढे झेपावली. बॉल तिने धरला. फॉरवर्डचा सगळा भार तिच्या गुडघ्यावर आला आणि असा आवाज झाला की मैदानाच्या पलीकडच्या मुलीही थांबल्या. गोंदने बॉल सोडला नाही. तो तिच्या हातातून काढून घ्यावा लागला. मुलांच्या संघाचा फिजिओ गुरुवारीच यायचा आणि तो दिवस गुरुवार नव्हता, म्हणून ताईने कॅन्टीनमधून बर्फ आणला आणि टॉवेलात बांधून लावला. अॅम्ब्युलन्समध्ये गोंद एकदाच बोलली. म्हणाली, "ताई, शर्ट कापू नका म्हणावं त्यांना, परत द्यायचाय."

हॉस्पिटलच्या विम्याच्या खिडकीत खेळाडूचा नोंदणी नंबर विचारला. ताईने सांगितला. आतल्या बाईने दोनदा बघितलं आणि ह्या नंबरची कुणी खेळाडू नाही असं सांगितलं. आवाज चांगला गोड होता तिचा. डॉक्टर म्हणाले की हाड आणि लिगामेंट दोन्ही गेलंय, पंधरवड्यात ऑपरेशन झालं तर मुलगी पुन्हा खेळेल, नाही झालं तर चालेल, पण पळणार नाही. तोवर त्यांनी मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. खर्चाचा आकडा ऐकून गोंदच्या आईने, ती संध्याकाळी येऊन पोचली होती, खुर्चीचा हात धरला. बोटांना सुईची भोकं पडलेली बाई. तिने ताईला विचारलं की संघाचा विमा असतो ना. ताई म्हणाली, मी बघते.

आणि तिने बघितलंही. दुसऱ्याच दिवशी ती सरांकडे गेली आणि म्हणाली की गोंदला आपणच सरावाला बोलावलं होतं, ते आपण सांगू या, विमा मिळेल. सरांनी दार लावून घेतलं. त्यांनी आवाज चढवला नाही, ते कधीच चढवत नसत. आपण बोलावलं असं म्हटलं की विश्रांती खोटी ठरते. ह्या सत्राची खोटी ठरली की मागच्या सगळ्या सत्रांचं उकरून काढतील. देणगी जाईल, संघ जाईल, सगळ्या मुलींची फीमाफी जाईल. एका गुडघ्यापायी पंचवीस जणींना रस्त्यावर आणायचं का, असं त्यांनी विचारलं. स्वतःचं नाव त्यांनी त्या पंचवीस जणींत धरलं नाही. एवढी लाज त्यांच्यात होती.

मुलींनाही समजावण्यात आलं. कॅप्टनने एकच विचारलं, गोंदच्या जागी उद्या आमच्यापैकी कुणी असली तर? सर म्हणाले की म्हणूनच आता सगळ्यांनी मिळून राहायला हवं. मुलींनी माना खाली घातल्या. त्यातल्या प्रत्येकीने आपापल्या खोलीचा, जेवणाचा, घरच्यांचा विचार केला आणि प्रत्येकीला गोंदचं मनापासून वाईट वाटलं. वाईट वाटायला पैसे पडत नाहीत, ते सगळ्यांनी सढळ हाताने वाटून घेतलं.

संचालकांच्या खोलीत गालिचा होता आणि कपाटात ओळीने लावलेल्या, अभ्यासात मिळवलेल्या ढाली. फुटबॉलची एकही नव्हती. संचालकांनी ताईला बसायला सांगितलं, घरी सगळे कसे आहेत विचारलं, जागेचं बहुतेक ह्याच महिन्यात होईल म्हणाले. मग सहज विचारावं तसं विचारलं.

"संघात नसलेली मुलगी त्या दिवशी मैदानावर आली कशी, मॅडम? कुणी बोलावलं होतं तिला?"

सर बाजूला बसून नखं बघत होते. ताईने गालिच्याकडे बघितलं. तिला मशीनशेजारची खाट आठवली, आणि गोंदची आईही आठवली, हे तिच्या बाजूने म्हटलं पाहिजे. मग ती म्हणाली, "कुणी नाही. ती स्वतःहून आली."

संचालकांनी मान हलवली आणि चहा मागवला. ताईने तो पूर्ण प्यायला.

शुक्रवारी निकाल लागला. संघाची सरासरी एकाहत्तर आली आणि सलग पाचव्या वेळी अभ्यासाची ढाल मुलींना मिळाली. विश्रांतीतल्या दोघी ठरल्याप्रमाणे नापास झाल्या. गोंद पास झाली. नुसती पास नाही, सगळे विषय धरून तिला शहात्तर पडले, आणि सांख्यिकीत वर्गातल्या पहिल्या तिघांत ती होती. सरांनी फोनवर बोटं चालवून बघितलं आणि म्हणाले की गंमत बघ, हिला ठेवली असती तर सरासरी वाढलीच असती. मग ते उगाचच थोडं हसले. ताई हसली नाही. आता तरी सांगू या का, तिने विचारलं. सर म्हणाले की आता काय सांगणार, परवा संचालकांसमोर तूच म्हणालीस ना, स्वतःहून आली म्हणून. मी तर तोंडही उघडलं नाही. हे खरं होतं. त्यांनी खरोखरच तोंड उघडलं नव्हतं.

सोमवारी दोघी राखाड्या संघात परत आल्या. तिसरी जागा भरली गेली नाही, कारण नियमाप्रमाणे संघात फक्त तंदुरुस्त खेळाडू घेता येत होता. वसतिगृहाने गोंदची खोली रिकामी करायला आठवडा दिला. ताईच्या हातात त्याच दिवशी कायम नेमणुकीचा कागद पडला. बहिणीने तिला मिठी मारली आणि भाऊजींनी पहिल्यांदाच मशीन लावायचं लांबणीवर टाकलं.

संध्याकाळी ताई हॉस्पिटलमध्ये गेली. न जाण्याइतकी ती निगरगट्ट झाली नव्हती, आणि जाऊन काही सांगण्याइतकी धीट नव्हती. गोंदची आई वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती, पायाशी बांधलेलं गाठोडं. उद्या घरी नेते म्हणाली. ऑपरेशनचं जमत नाही. चार ठिकाणी विचारून झालं. मग तिने ताईला शेजारी जागा करून दिली.

"संचालकांकडे मी गेले होते सकाळी," ती म्हणाली. "तुम्ही काय सांगितलंत ते त्यांनी सांगितलं मला."

ताई काहीतरी बोलू लागली. आईने हात वर करून थांबवलं.

"मला नका सांगू. आणि तिलाही सांगू नका. ती सगळ्यांना सांगत सुटलीय, ताईंनी शिकवलं म्हणून. नर्सना सांगितलं, झाडणाऱ्या बाईला सांगितलं. पाय गेला तिचा. तेवढं तरी राहू द्या तिच्याकडे."

रागाने बोलली असती तर ताईला सोसलं असतं. आई दमलेल्या आवाजात बोलली, जणू एखाद्या गिऱ्हाइकाला पडद्याची लांबी समजावून सांगावी. मग म्हणाली, आत जा, वाट बघतेय.

गोंद उशीला टेकून बसली होती आणि तिचा चेहरा असा फुलला होता की ताईला दारातच थबकावं लागलं. शहात्तर, ताई, असं तिने तीनदा सांगितलं. मग तिने पांघरूण बाजूला केलं. सगळ्या मुलींनी प्लास्टरवर सह्या केल्या होत्या, फुलं काढली होती, लवकर बरी हो म्हणून लिहिलं होतं. त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, गुडघ्याच्या जरा वर, गोंदने बॉलपेनने गणित मांडलं होतं.

"हे बघा ना जरा," ती म्हणाली. "बावीस जणी, सरासरी एकाहत्तर. त्यात माझे शहात्तर मिळवले, भागिले तेवीस. एकाहत्तर पूर्णांक दोन दशांश येतात. म्हणजे मी असते तर सरासरी वाढली असती ना, ताई? म्हणजे मला काढायची गरजच नव्हती. मग त्यांना हे दाखवलं तर ते नोंद मागच्या तारखेने नाही का करणार?"

ताई वाकली. तिने गणित नीट वाचलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कारण त्या वेळी डोळे दुसरीकडे कुठे ठेवायचे हे तिला सुचत नव्हतं. गुणाकार बरोबर होता. बेरीज बरोबर होती. भागाकार तिने शिकवला होता तसाच, पायरी पायरीने केलेला होता आणि उत्तराखाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

"चुकलंय कुठेतरी," ताई म्हणाली.

गोंदने चमकून वर बघितलं. मग पुन्हा प्लास्टरकडे. शंका तिला ताईची आली नाही, स्वतःची आली. ती ओशाळली, म्हणाली, मला वाटलंच होतं, मी घाई केली असणार. तिने सगळ्या गणितावर एक आडवी काट मारली, पेन झटकलं, आणि घोट्याकडे जिथे थोडी जागा उरली होती तिथे हात पोचेना म्हणून ताईला म्हणाली, "जरा पाय धरता का माझा? परत करून बघते."

ताईने पाय धरला.